खरवडलेला ‘म्हणे’

बोलतेय ती मी एक वही आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही मला ग्रंथ समजाल आणि माझ्याकडून भलत्या अपेक्षा धराल. ग्रंथांना मखमल असते, पितळी कड्या असतात, ते उघडताना लोक हात धुतात. मला बकरीच्या कातड्याचं वेष्टण होतं. तेही रोमच्या रेगोला मोहल्ल्यातल्या चामडं कमावणाऱ्याकडे उरलेल्या तुकड्याचं. पावसाळी हवेत अजूनही त्याला वास येतो.

माझा जन्म चिंध्यांचा. कुणाचा सदरा, कुणाची चादर, कुणा मेलेल्याच्या अंगावरचं उरलेलं कापड. फाब्रियानोच्या कागदाच्या गिरणीत आम्हाला कुजवलं, कांडलं, जाळीवर पसरून वाळवलं. रोमला येताना एकाच गाडीत दोन ढीग होते. एक पोपच्या कचेरीसाठी आणि एक बाजारासाठी. दोन्ही ढीग एकाच पाण्यातून निघालेले. वाटेत पाऊस आला तेव्हा गाडीवानाने पोपच्या ढिगावर मेणकापड घातलं आणि आमच्यावर गोणपाट. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते पाचशे वर्षं थांबलेलं नाही.

मला विकत घेतलं लेल्लोने. कॅपिटोल टेकडीवर नगरसभेच्या कचेरीत तो कारकून होता. बारकुडा, मोठ्या कानांचा, सदा पित्ताने हैराण. नगरसभेला अधिकार असा उरलाच नव्हता, सगळं पोपच्या हातात गेलेलं. सभासद जांभया द्यायचे आणि लेल्लो त्या जांभयांची टिपणं काढायचा.

त्याच्या छातीत एकच काटा रुतलेला होता. त्याचं नाव जेन्तीले. दोघे एकाच मोहल्ल्यातले, एकाच गुरुजींच्या बाकावर बसून लॅटिन शिकलेले. लेल्लोची आई लवकर गेली, म्हणून दुपारचं जेवण जेन्तीलेच्या घरी असायचं. पेर्नामावशी, म्हणजे जेन्तीलेची आई, दोघांना एकाच ताटात वाढायची. पुढे पोपच्या चिटणिसाची जागा निघाली. दोघांनी अर्ज केले, दोघांनी परीक्षेचं पत्र लिहिलं आणि जागा जेन्तीलेला मिळाली. लेल्लो म्हणायचा, जेन्तीलेने माझी वाक्यं चोरली. खरं-खोटं मला ठाऊक नाही, ती माझ्या जन्माआधीची गोष्ट.

माझ्यावर पहिली ओळ पडली ती एका मे महिन्याच्या सकाळी. जेन्तीले नव्या लाल झग्यात रस्त्यावरून गेला होता. लेल्लो घरी आला, टोपीही न काढता मला उघडून बसला आणि त्याने लिहिलं, “आज पोपच्या खेचरावर एक गाढव बसलेलं पाहिलं.”

तर अशी माझी सुरुवात. देवाचं नाव नाही, संतांचं नाव नाही, नुसता जळफळाट.

पण लेल्लोबद्दल एक गोष्ट मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. तो द्वेष करायचा तो मेहनतीने. शहरात काळी भाकरी येऊ लागली, तेव्हा तो स्वतः तराजू घेऊन तीन भटारखान्यांत गेला आणि भाकरी तोलून आला. भाकरी फोडून तिचा वास घेतला आणि मग लिहिलं की पोपच्या कोठारातला गहू कुजका आहे. कुणाला फाशी झाली की तो मैदानात जाऊन उभा राहायचा, कैदी काय बोलला ते जवळून ऐकायचा. पाहिलेलं असेल तर लिहायचा ‘पाहिलं’. ऐकलेलं असेल तर वाक्यात एक छोटासा शब्द घालायचा, ‘म्हणे’. पोप म्हणे आजारी आहेत. पुतण्याला म्हणे आणखी एक किल्ला दिला. तो ‘म्हणे’ म्हणजे त्याच्या इमानाची गाठ होती.

ऐकीव गोष्टींचा झरा म्हणजे नार्दो न्हावी. पोपच्या घोडदळातले शिपाई त्याच्याकडे दाढी करायचे आणि नार्दो त्यांच्या तोंडचं सगळं लेल्लोच्या कानात ओतायचा. “कारकूनबुवा, हे मी सांगितलं म्हणून लिहू नका हं,” असं प्रत्येक वेळी म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा, “लिहिलंत ना?”

लेल्लोची बायको रीता माझ्यावर जळायची. “अहो, त्या वहीशी रोज दोन तास बोलता. माझ्याशी शेवटचं कधी बोललात ते तरी तिच्यात लिहून ठेवलंय का?” ती बोलली की लेल्लो हसायचा आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. मला कुणाचा तरी हेवा वाटायचा हे नेहमीचं होतं. माझा कुणाला वाटतो, हे सुख फक्त रीताने दिलं.

मग बातमी आली की जेन्तीलेही लिहितोय. पोपचं चरित्र, आठ खंडांचं, अस्सल जुन्या वळणाच्या लॅटिनमध्ये. पहिला खंड तयार झाला तेव्हा नगरसभेच्या मंडळींना तो पाहायला बोलावणं आलं. लेल्लो गेला आणि मला झग्याच्या बाहीत घालून घेऊन गेला.

मी तिला पाहिलं, जेन्तीलेच्या त्या पोथीला. वासराच्या कोवळ्या कातड्याची पानं, वर किरमिजी मखमल, पहिल्या अक्षरात निळ्या रंगात बसवलेलं सोनं. सभासद वाकून वाकून बघत होते. जेन्तीले जवळ आला आणि म्हणाला, “लेल्लो, किती दिवसांनी! आई आठवण काढते तुझी. तूही काहीतरी लिहितोस असं ऐकलं.”

“हिशेबाची टिपणं,” लेल्लो म्हणाला आणि त्याने बाहीवरून मला इतकं दाबलं की माझी शिवण करकरली.

घरी येताना तो वाटभर बाहीवरून मला आवळतच चालला. त्या दिवशी आम्हा दोघांचं दुखणं एक झालं. मला ती मखमल फाटलेली बघायची होती. त्याला काय बघायचं होतं, ते त्यालाच ठाऊक.

त्याच वर्षी ब्रान्काची गोष्ट घडली. शहराबाहेर एका टेकडीवर त्याच्या घराण्याचा किल्ला होता. पंचविशीचा पोरगा, पोपशी वैर धरून बसलेला. दीड महिना वेढा चालला. मग पोपच्या शिक्क्याचं पत्र गेलं, ‘किल्ला सोड, तुझ्या जिवाला धक्का लागणार नाही.’ ब्रान्काने किल्ला सोडला. दहाव्या दिवशी कैदखान्याच्या चौकात त्याचं डोकं उडवलं.

प्रेत चर्चमध्ये ठेवलं होतं तिथे लेल्लो गेला. आल्यावर त्याने जे लिहिलं, ते माझ्या सगळ्या पानांतलं सगळ्यांत खरं पान. ब्रान्काच्या एका पायात मोजा होता आणि एका पायात नव्हता. मनगटांवर दोराचे वळ होते. त्याची बहीण त्या उघड्या पायावर आपली ओढणी घालत होती, ती पुन्हा पुन्हा घसरत होती. लिहिताना लेल्लो रडला. शाई दोन ठिकाणी पसरली, ते डाग आजही आहेत.

तिथेच थांबला असता तर!

दुसऱ्या दिवशी नार्दो दारातूनच ओरडत आला. “कारकूनबुवा, ते पत्र कुणी लिहिलं ठाऊक आहे? तुमच्या बालमित्राने! कचेरीत तोच तर सुंदर लिहितो.”

“तू पाहिलंस?”

“मी कुठून पाहणार? एक शिपाई म्हणत होता. पण बुवा, दुसरं कोण असणार?”

लेल्लोने लिहिलं, “ते पत्र म्हणे जेन्तीलेने लिहिलं, आणि लिहिताना ते खोटं असल्याचं त्याला ठाऊक होतं.” शाई सुकायला वाळू टाकली, झाडली, मला मिटलं. जेवायला बसला. दोन घासांनंतर उठला, हात पुसले, मला पुन्हा उघडलं आणि लेखणी तासायची सुरी घेतली. सुरीच्या टोकाने त्याने तो एक शब्द खरवडला. हळूहळू, कागद फाटू न देता, फुंकर मारत मारत.

मला दुखलं. पण खोटं कशाला सांगू, आवडलंही. ‘म्हणे’ गेल्यावर ते वाक्य असं उभं राहिलं, जणू उपसलेली तलवार. त्या मखमलीतल्या बाईसाहेबांकडे असलं वाक्य एक तरी होतं का?

मग लेल्लो मला नार्दोच्या दुकानात नेऊ लागला. अर्ध्या दाढ्या केलेले लोक ऐकत बसायचे. भाकरीचं पान कुणाला नको असायचं. “ते वाचा, पत्राचं वाचा,” अशी मागणी व्हायची. खाटीक यायचे, नावाडी यायचे, एकदा ब्रान्काच्या घराण्याचे दोन नोकर येऊन मागे उभे राहिले. ते पान इतक्या अंगठ्यांनी मळलं की वही टेबलावर ठेवली की आपोआप तिथेच उघडायची. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला बघायला येत होते. मी फुगले होते.

दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, पोप वारले.

पोप वारले की नवा निवडेपर्यंत रोममध्ये कायदाही वारतो. जुनी सगळी देणीघेणी लोक त्याच दिवसांत उरकतात. भर दुपारी शंभरेक माणसं जेन्तीलेच्या घरावर गेली. लेल्लो तेव्हा कचेरीत होता. संध्याकाळच्या आत नार्दो धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बुवा, ते तुमचं पान पाठ म्हणत होते. अक्षरन् अक्षर. उघड्या पेटीच्या काठावर त्याचा उजवा हात ठेवला, झाकण आपटलं आणि म्हणाले, ह्याच हाताने लिहिलंस ना? किती वेळा आपटलं... मी मोजलं नाही.”

“जिवंत आहे?”

“आहे. त्याची ती पुस्तकं मात्र गेली. मखमल ओरबाडून एकाने डोक्याला गुंडाळली, पानं नदीच्या चिखलात.”

लेल्लो खाली बसला. आणि मी? मखमल ओरबाडल्याचं ऐकून मला आनंद झाला. पहिल्या क्षणी आनंदच झाला. त्या क्षणाची लाज मी अजून वागवते आहे.

चार दिवसांनी पेर्नामावशी दारात आली. रीताने पुढे केलेल्या स्टुलावर ती बसली नाही. पदराआडून एक घडी केलेला कागद काढून तिने लेल्लोपुढे धरला.

“वाच. मला वाचता येत नाही. पण तो हे लिहिताना रडत होता, तेवढं मला वाचता आलं.”

जेन्तीलेने पोपच्या कारभाऱ्याला केलेला तो अर्ज होता. तारीख ब्रान्काने किल्ला सोडण्याच्या आठवडाभर आधीची. मला सांगितलेलं पत्र पाळलं जाणार नाही असं दिसतं, सबब ते माझ्या हातून लिहवणार नाही, दुसऱ्या कुणाला सांगावं. खाली कारभाऱ्याचा शेरा होता, ‘दुसऱ्याला सांगितलं आहे. अर्जदाराने तोंड बंद ठेवावं.’

लेल्लोने तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला त्याला अक्षरं दिसेनात.

“एका ताटात वाढलं रे तुम्हा दोघांना,” पेर्नामावशी म्हणाली. “त्यातला घास कुणाकडे जास्त गेला, एवढंच तुझ्या लक्षात राहिलं का?”

आणि ती गेली. कागद तिथेच राहिला.

दुसऱ्या सकाळी लेल्लो मला घेऊन जेन्तीलेकडे गेला. खोलीत एक खाट तेवढी शाबूत होती. जेन्तीलेचा उजवा हात कोपरापर्यंत फडक्यांत गुंडाळलेला. लेल्लोने मला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीशी उभा राहिला. “यात सगळं आहे. वाच, आणि मग सांग मी काय करू.”

जेन्तीले डाव्या हाताने माझी पानं उलटत राहिला. सकाळची दुपार झाली. जिथे थांबायचा तिथे नखाने खूण करायचा.

“भाकरीचं खरं आहे. गहू कुजकाय हे आम्हाला आत ठाऊक होतं.” थोड्या वेळाने, “हेही खरं. तुला कळलं कसं हे?” मग एकदम, “हे काय? पोपना दोनच पुतणे. तू तिसरा कुठून आणलास?”

“नार्दो म्हणाला.”

“नार्दोला पुतणे मोजता येत नाहीत! त्याच्या हाती लोक मान कशी देतात?”

लेल्लोला हसू फुटलं आणि लगेच मेलं, कारण मी मांडीवर आपोआप त्या मळक्या पानाशी उघडले होते. जेन्तीलेने ब्रान्काच्या मोज्याचं वाचलं, ओढणीचं वाचलं. मग ते वाक्य. वाचून झाल्यावर त्याने पान उचलून उजेडात धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, तिथून खिडकी दिसत होती.

“इथे एक शब्द होता.”

“म्हणे,” लेल्लो म्हणाला.

मग लेल्लो पुढे झाला. “ते पान दे. फाडतो. सगळी वहीच जाळतो.”

“खबरदार!” जेन्तीले ओरडला. आयुष्यात माझ्यासाठी असं कुणी ओरडलं नव्हतं. “आठ वर्षं मी लिहिलं, लेल्लो. माझ्या त्या सुरेख लॅटिनमध्ये काळी भाकरी कुठेच नाही. ब्रान्काचं नाव नाही. हा मोजा नाही. मी तिथे होतो, मला सगळं ठाऊक होतं आणि मी कारंज्यांची वर्णनं लिहिली. तुझं वाचून मला काय वाटतंय सांगू? हेवा. हा हात ठसठसतोय ना, त्याहून जास्त ठसठसतोय तो.”

मी हे ऐकलं. ज्या पुस्तकावर मी जन्मभर जळले, त्याचा लेखक माझ्यावर जळत होता. मला विजय वाटायला हवा होता. वाटला नाही.

“मग मी काय करू?”

“फाडलंस तर लोक म्हणतील, पोपच्या माणसांनी धमकावून फाडायला लावलं. राहू दे तसंच. शेजारच्या मोकळ्या जागेत खरं लिही. वाचणारा दोन्ही वाचेल आणि ठरवेल, तुझ्यावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही.”

“आणि तू मला... माफ...?”

“ते वेगळं. ते मला अजून जमत नाही. लिही आधी.”

लेल्लोने तिथेच दौत मागवली. पानाच्या बाहेरच्या बाजूला, अरुंद जागेत, बारीक अक्षरांत त्याने लिहिलं. “इथला ‘म्हणे’ मी खरवडला. हेव्यापोटी. जेन्तीलेने ते पत्र लिहिलं नाही.” जागा कमी म्हणून ‘नाही’ अगदी कडेला टेकला.

जेन्तीले महिनाभरात आईला घेऊन व्हितेर्बोला निघून गेला. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. माफीचं पत्र आलं नाही. लेल्लोने वाट पाहिली, पण त्याबद्दल माझ्यात कधी काही लिहिलं नाही. नव्या पोपवरही तो तसाच तुटून पडायचा, शत्रुत्व काही कमी झालं नाही. फक्त ‘म्हणे’ परत आला. इतका आला की नार्दो कंटाळला. “बुवा, तुमच्या वहीत आता मजा नाही राहिली,” असं तोंडावर म्हणाला.

लेल्लो गेल्यावर त्याचा भाचा देओदातो आला. चाळिशीचा, हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरणारा, हातात नेहमी द्राक्षाच्या दारूचा पेला. त्याने माझी स्वच्छ नक्कल करायला घेतली. त्या पानापाशी आल्यावर त्याने बाजूचं बारीक लिखाण वाचलं आणि मोठ्याने हसला.

“मामी, हे कडेचं कशाला उतरवायचं? इथे मामाच म्हणतात की मी खोटं लिहिलं. मग बाकीचं कोण वाचणार?”

“त्यांना ते फार महत्त्वाचं होतं रे,” रीता म्हणाली. “ते लिहून आले त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी संध्याकाळभर बोलले.”

“बोलले ना? मग झालं तर,” असं म्हणून देओदातोने पान उलटलं.

ती नक्कल म्हणजे माझी लेक. सुवाच्य, गोरीपान, एकही डाग नसलेली. तिच्या पुन्हा नकला झाल्या, मग ती छापली गेली, मोठमोठ्या ग्रंथालयांत जाऊन बसली. विद्वान तिच्यावर भांडतात. एक म्हणतो, हा कारकून पोपचा वैरी, मत्सराने आंधळा, याचा एक शब्दही घेऊ नका. दुसरा म्हणतो, भाकरी तोलून पाहणारा माणूस खोटं कसं लिहील? त्या दोघांचं भांडण मिटवणारी ओळ माझ्याकडे आहे आणि दोघांच्याही टेबलावर माझी लेक आहे. जेन्तीलेचं नाव निघालं की सगळे एकमताने त्याला शिव्या घालतात. पोटच्या लेकीचा इतका हेवा करू नये. मी करते.

मी अजून रेगोला मोहल्ल्यातच आहे. एका चर्चच्या मागच्या खोलीत, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांखाली. मधली कितीतरी वर्षं खिडकी आपटू नये म्हणून मला तिच्यात अडकवून ठेवलं होतं. आता कुणी हात लावत नाही. हात लावतो तो एक उंदीर.

उंदीर वही कडेने खायला घेतो. भाकरीचं पान, मोज्याचं पान, त्या खोट्या वाक्याचं पान, ही सगळी आतून धडधाकट आहेत. पण लेल्लोने कबूल केलेलं सगळं कडेलाच आहे. गेल्या हिवाळ्यात उंदराचे दात शेवटच्या ओळीशी पोचले. आज तिथे असं वाचता येतं, “जेन्तीलेने ते पत्र लिहिलं ना”, आणि पुढे कुरतडलेला कागद.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. मला मखमल नको, काचेची पेटी नको. फक्त लवकर या. अजून एक अक्षर गेलं, की मीही माझ्या लेकीसारखंच बोलू लागेन.